आठ दिवसांत कारागीर व्हा
नवशिक्या ऑपरेटरसाठी मार्गदर्शिका (चित्रं दिलेली नाहीत; चित्र बघायला थांबावं लागतं)

सर्वप्रथम अभिनंदन

भोसरीच्या जे ब्लॉकमध्ये किंवा चाकणच्या कुठल्याशा फेजमध्ये तुमचं काम लागलं आहे. गळ्यात कंत्राटदाराचं ओळखपत्र आहे, पायात अजून चावणारे सेफ्टी शूज आहेत आणि सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी असते हे घरच्यांना समजावून झालं आहे. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळायला वर्ष लागेल. कारागीर व्हायला मात्र आठ दिवस पुरेत.

पूर्वी या कामाला फार वेळ लावत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग एकामागून एक कारखाने आले. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण पुढे मोटारींसाठी ओळखलं जाऊ लागलं. एवढा सगळा पसारा वाढला, तरी आयटीआयतली एक खोड गेली नाही. फिटरच्या पोराच्या हातात कानस द्यायची आणि लोखंडाचा एक ठोकळा घासत बसवायचं. ठोकळ्याच्या कडा काटकोनात येईपर्यंत, म्हणजे बोटांना घट्टे पडेपर्यंत. गुण्या बाजारात तयार मिळतो. काटकोन त्यात फुकट येतो. मग हा छळ कशासाठी?

आमच्या मार्गदर्शिकेचं सूत्र साधं आहे: हत्यार शहाणं असलं की माणसाने शहाणं असण्याचं कारण उरत नाही. 'पी हळद आणि हो गोरी' हे पूर्वजांनी टोमणा म्हणून म्हटलं. आम्ही त्याची कार्यपद्धती केली आहे.

पेटीतल्या वस्तू मोजून घ्या

डिजिटल व्हर्निअर, १ नग. मायक्रोमीटर, ० ते २५ मिलिमीटर, १ नग. प्लग गेज, १ नग. टॉर्क रेंच, असेंब्ली लाइनवर असाल तर. कॉटन वेस्ट, मूठभर. मोबाइल, तुमचा स्वतःचा.

शिवाय प्रत्येक शॉपमध्ये एक मामा असतात. ते पेटीत मावत नाहीत. त्यांच्याविषयीची धोक्याची सूचना पुढे दिली आहे.

पायरी १: व्हर्निअर वाचू नका, नुसता बघा

साध्या व्हर्निअरमध्ये मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले असतात. त्यामुळे दोन्हीकडच्या एकेका भागात ०.०२ मिलिमीटरचा फरक पडतो. कुठली रेघ कुठल्या रेघेसमोर बरोबर येते ते बघायचं आणि त्यावरून माप काढायचं. प्येर व्हर्निए या फ्रेंच गृहस्थांनी १६३१ साली ही युक्ती प्रसिद्ध केली, तेव्हापासून शिकाऊ पोरं एक डोळा मिटून उभी आहेत.

तुम्ही दोन्ही डोळे उघडे ठेवा. डिजिटल घ्या. पडद्यावर आकडा येईल, तो रजिस्टरमध्ये उतरवा. दशांश चिन्हानंतर दोन अंक दिसतात, म्हणजे दोन्ही खरेच असणार. १५० मिलिमीटरच्या अशा व्हर्निअरची अचूकता सहसा उणे-अधिक ०.०२ असते आणि पडदा मात्र ०.०१ पर्यंतचा आकडा दाखवतो, असं कॅटलॉगात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. म्हणून कॅटलॉग वाचू नये.

सकाळी 'झिरो'चं बटण दाबायला विसरू नका. जबडे पुसायची गरज नाही. मध्ये धातूची एखादी बारीक चिप अडकलेली असली आणि नंतर गळून पडली, तर पुढची सगळी मापं तिच्या जाडीएवढी कमी दाखवतील. पण सगळीच सारखी कमी दाखवतील. याला सातत्य म्हणतात, आणि ऑडिटरला सातत्य फार आवडतं.

पायरी २: मायक्रोमीटर आवळा

याची चकती एक पूर्ण फेरा फिरली की स्क्रू अर्धा मिलिमीटर पुढे सरकतो. चकतीवर ५० खुणा असतात, म्हणून एका खुणेला ०.०१ मिलिमीटर. शेवटाला एक छोटी खुंटी असते, ती फिरवली की टिक-टिक वाजते. मोजताना हाताचा दाब प्रत्येक वेळी सारखा पडावा म्हणून ही सोय. खुंटीकडे दुर्लक्ष करा. चकतीच पकडा आणि गळक्या नळासारखी आवळा. जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला नग, मोठा आला असेल तर आणखी थोडी आवळा, माप कमी येतं. रिवर्कचा याहून स्वस्त प्रकार आजवर कोणाला सापडलेला नाही.

दांड्यावर पूर्ण मिलिमीटरच्या रेघा असतात आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या. ही अर्धी रेघ चकतीच्या कडेखालून जेमतेम डोकावत असते, तिला मोजू नका. १२.७३ चं १२.२३ होईल. मशीनमध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे खिंड पडली, पण रजिस्टरमध्ये एकाच अंकाचा फरक आहे आणि रजिस्टरच वर जातं.

पायरी ३: गरम जॉब गरमागरम मोजा

लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, असं १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. ठरवणाऱ्यांनी एप्रिल महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुसरी शिफ्ट केली नसावी.

पोलादाची एक मीटर लांबी दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट मशीनवरून निघाला तेव्हा ४५ अंशांवर असेल, तर तो २० अंशांवरच्या स्वतःपेक्षा जवळपास २९ मायक्रॉन जाड असतो. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर हा फरक अर्ध्या केसाहूनही कमी. ॲल्युमिनियमचा जॉब असेल तर दुप्पट धरा. ड्रॉइंगवर सूट २० मायक्रॉनचीच असली, तर संध्याकाळी पास झालेला जॉब दुसऱ्या दिवशी सकाळी क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांच्या, एसी खोलीत नापास होतो.

यातून नवशिक्याने एवढंच शिकावं की रात्री जॉब बारीक होतो. का होतो ते शोधत बसू नये. क्यूसीवाल्यांशी भांडावं.

पायरी ४: गेजवर डोळे मिटून विश्वास ठेवा

प्लग गेज हे आमचं सर्वांत लाडकं हत्यार. भोक २५ एच ७ चं असेल, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान, तर गेजचं एक टोक खालच्या मापाचं आणि दुसरं वरच्या मापाचं करतात. 'गो' टोक आत गेलं पाहिजे, लाल खुणेचं 'नो-गो' जाता कामा नये. एच म्हणजे काय, ७ म्हणजे काय, २१ मायक्रॉन आले कुठून, यातलं काहीही ठाऊक नसलेला माणूस शिफ्टमध्ये शेकडो भोकं तपासू शकतो. ज्याने सूट ठरवली, ज्याने गेज काढलं आणि ज्याने ते घासून मापात आणलं, त्या तिघांची अक्कल त्या दांडीत गोठवलेली आहे. तुम्ही फक्त ती भोकात घालायची.

आता एक गोष्ट सांगतो, ती वाचून विसरून जा. दिवसभर भोकाच्या आत-बाहेर कोण करतं? 'गो'. नो-गो बाहेरच थांबतं. त्यामुळे झिजतं ते गो. झिजलं की बारीक होतं, आणि बारीक झालं की लहान भोकातही गुपचूप शिरतं. जे टोक रोज राबतं तेच सर्वांत आधी खोटं बोलू लागतं, आणि तेही 'पास, पास' म्हणत. गेजवर कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं, त्यावर तारीख असते. स्टिकर कॉटन वेस्टने पुसून चकचकीत ठेवा. तारीख वाचायचं कारण नाही.

पायरी ५: ऑफसेट भरा (लेखकाने स्वतः करून पाहिलेला प्रयोग)

ही पायरी प्रस्तुत लेखकाने एका शॉपमध्ये, दुसऱ्या शिफ्टला, स्वखर्चाने सिद्ध केलेली आहे. पगारातून काहीच कापलं गेलं नाही, पण नजरेतून बरंच कापलं गेलं.

सीएनसी लेथवर ३० मिलिमीटर व्यासाचं टर्निंग होतं. सेटर चहाला जाण्याआधी पहिला जॉब मुद्दाम मोठा काढून गेला होता. जास्त निघालेला जॉब कमी करता येतो, कमी निघालेला वाढवता येत नाही, म्हणून फिनिशिंगच्या टूलला त्याने अधिक ०.१५ ऑफसेट (टूलच्या जागेतली भरपाई) देऊन ठेवला होता. मी पहिला जॉब मोजला. ३०.१५. गणित सोपं होतं, पंधरा काढायचे. ऑफसेटच्या पानावर गेलो आणि उणे ०.१५ टाइप केलं.

पडद्याच्या खाली दोन पर्याय असतात: 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट'. प्लस इनपुट दाबलं, तर तुम्ही टाकलेला आकडा आधीच्या आकड्यात मिसळतो. इनपुट दाबलं, तर आधीचा आकडा पुसला जाऊन तुमचा बसतो. मी इनपुट दाबलं. अधिक पंधराचे शून्य व्हायचे ते उणे पंधरा झाले. टूल व्यासाच्या हिशेबाने पंधरा शतांशांऐवजी तीस शतांश आत गेलं आणि जॉब २९.८५ चा निघू लागला. निघू लागला म्हणतोय, कारण मी पुढचा जॉब मोजलाच नाही. माप दुरुस्त केलं आहे म्हटल्यावर परत मोजायचं कशाला?

अकरा जॉब झाले. बाराव्याच्या वेळी मामा पाण्याची बाटली भरून चालले होते. ते थांबले. मशीनचं दार बंद, आत कूलंटचा फवारा, काचेवर तेलाचा थर. दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

"पोरा, शेवटच्या कटला आवाज जड का येतोय?"

मला आवाज यायचा, पण त्याला जड-हलकं असतं हे ठाऊक नव्हतं. मामांनी मशीनची सायकल थांबवली, दार उघडलं, खालच्या ट्रेमधून चिप उचलून चिमटीत दाबली. "फिनिशिंगची चिप एवढी जाड?" मग ऑफसेटच्या पानाकडे बघून विचारलं, "याच्या आधी इथं किती होतं?"

मी गप्प. आकडा भरायला मी शिकलो होतो, आकडा कशाच्या जागी बसतोय ते विचारायला शिकलो नव्हतो. मामांनी अकरा जॉब एका ओळीत मांडले, लाल रंगाची डबी माझ्या हातात दिली आणि पाणी प्यायला निघून गेले. रिजेक्शनच्या ट्रॉलीत जॉब टाकताना जो आवाज होतो, तो मात्र मला तेव्हापासून अचूक ओळखता येतो.

नवशिक्यांनी यातून घ्यायचा बोध असा: मामांची पाण्याची वेळ माहीत करून घ्यावी.

पायरी ६: क्लिक वाजला की विषय संपला

असेंब्ली लाइनवर बोल्ट आवळायला टॉर्क रेंच असतो. ठरलेल्या जोराला 'क्लिक' वाजतो, मग बोल्टावर रंगाची रेघ ओढायची. क्लिक म्हणजे बोल्ट आवळला गेला, अशी आमची श्रद्धा आहे.

श्रद्धेत खंड पडू नये म्हणून पुढचा परिच्छेद वगळला तरी चालेल. रेंच मोजतो तो तुम्ही लावलेला पीळ. त्या पिळातला अंदाजे निम्मा वाटा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि आणखी ४० टक्के आट्यांच्या घर्षणात. दोन भाग एकमेकांना घट्ट धरून ठेवायचं जे खरं काम, त्याच्या वाट्याला दहा टक्क्यांच्या आसपास उरतं. म्हणजे आट्यांना तेल लागलेलं असलं, तर त्याच क्लिकला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. आट्यांत गंज किंवा कचरा असला, तर क्लिक वाजतो आणि बोल्ट ढिलाच राहतो. क्लिकचा आवाज तिन्ही वेळा अगदी सारखा येतो.

रेंचने तुम्हाला फसवलेलं नाही. जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं. तुम्हाला विचारायचं होतं ते वेगळंच होतं, त्याला तो काय करणार!

धोक्याची सूचना: मामा

मामा ओळखायची खूण म्हणजे त्यांच्या लॉकरमध्ये फडक्यात गुंडाळलेला जुना मायक्रोमीटर असतो. त्याचा रंग उडालेला असतो आणि तो ते कोणाला देत नाहीत. शिफ्ट सुरू झाली की सगळ्यात आधी ते त्याचे जबडे कागदाच्या कपट्याने पुसतात, मग २५ चं स्लिप गेज त्यात धरून बघतात. आकडा बरोबर २५.०० येईपर्यंत दिवस सुरू होत नाही. जॉब एकदा मोजत नाहीत, तीनदा मोजतात, आणि प्रत्येक वेळी जॉब थोडा फिरवून. बेअरिंग बोलायला लागलं की लांब पेचकसचं टोक हाऊसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून उभे राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा मशीनशी काहीतरी गुपित बोलतोय.

नवशिक्यांमध्ये एक अफवा असते, की मामांच्या बोटांना मायक्रॉन कळतात. मी त्यांना तसं म्हणालो होतो. ते हसले. "बोटाला पाच-दहा मायक्रॉन कळत असते तर मी याला फडक्यात कशाला गुंडाळून ठेवलं असतं?" एकदा त्यांनी डोळ्याने सांगितलेलं माप चांगलं तीन दशांशांनी चुकलं होतं. तेव्हा ते ओशाळले नाहीत. "डोळ्याचं काम एवढंच, कुठं मोजायचं ते सांगणं," म्हणाले आणि मायक्रोमीटर काढला.

यातलं धोकादायक काय ते लक्षात घ्या. मामा हत्यारांच्या विरुद्ध असते, तर त्यांना जुन्या वळणाचे म्हणून बाजूला काढता आलं असतं. पण शॉपमधलं सर्वांत चांगलं हत्यार त्यांच्याकडेच असतं. ते हत्यारावर संशय घेतात, हातावरही घेतात, आणि कुठल्या वेळी कुणावर किती घ्यायचा हे त्यांना ठाऊक असतं. असला माणूस आठ दिवसांत तयार होत नाही, म्हणून तो आमच्या अभ्यासक्रमाबाहेर ठेवला आहे.

टाळावयाची उदाहरणं

उदाहरण पहिलं याच पट्ट्यातलं आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडमध्ये पाय रोवले. कंपनीचं संशोधन केंद्र १९६६ सालचं. पुण्याच्या कारखान्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते थेट १९७७ साली. मधली वर्षं काय केलं? कंपनीचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांचा आग्रह असा, की ट्रक काढण्याआधी ट्रक काढणारी यंत्रं आणि साचे आपल्याला करता आले पाहिजेत, आणि ते करणारी माणसं आधी घडवली पाहिजेत. शिकाऊ पोरं, मशीन टूल, साचे या क्रमाने सुरुवात करून ट्रक शेवटी. आठ दिवसांच्या हिशेबाने ही दिरंगाई अक्षम्य आहे. पुढे टाटांच्या एका गाडीला त्यांच्या नावातली आद्याक्षरं घेऊन 'सुमो' म्हणू लागले, एवढीच त्यातली जमेची बाजू.

उदाहरण दुसरं विलायतेतलं आहे आणि ते जास्त घातक आहे. सरळ पट्टी सरळ आहे का, हे तपासायला तिच्याहून सरळ पट्टी लागते. सपाट पाटा सपाट आहे का, हे बघायला आणखी सपाट पाटा लागतो. मग जगातला पहिला सपाट पाटा कोणी कशावर तपासला?

इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोला एक निबंध वाचला, त्यातली रीत अशी. लोखंडाचे तीन पाटे घ्यायचे. एकाला रंग लावून दुसऱ्यावर टेकवायचा. जिथे रंग उमटेल तिथला उंचवटा हाताने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. होता होता दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतात. पण एवढ्याने सपाटी सिद्ध होत नाही, कारण एक खोलगट आणि दुसरा तेवढाच फुगीर असला तरीही ते वाटी-झाकणासारखे बसतीलच. म्हणून तिसरा. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी. खोलगट पाट्याला फुगीर जोडीदार मिळेल, पण दोन खोलगट एकमेकांवर बसणार नाहीत आणि दोन फुगीर तर डुगडुगतील. तिघांचं तिघांशी जमायचं, तर तिघांनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या शॉपमधला व्हर्निअर ज्या स्लिप गेजवर तपासतात, ते गेज आणखी वरच्या गेजवर तपासलेलं असतं. सपाटीची अशीच साखळी धरून मागे मागे गेलं, की तळाशी हे असं काहीतरी सापडतं: तीन ओबडधोबड लोखंडं, थोडा रंग, एक खरवडणी आणि 'दोनांवर भागणार नाही, तिसरा लागेल' एवढी एक समज. सपाटी मोजायचं हत्यार नव्हतं, म्हणून ती समजेतून काढावी लागली. आमच्या अभ्यासक्रमाचा क्रम याच्या बरोबर उलटा असल्यामुळे हे उदाहरण परीक्षेला येणार नाही.

पायरी ७: अलार्म आला तर मोबाइल काढा

स्पिंडलवर लोड वाढला म्हणून मशीन थांबलं. लाल दिवा लागला. पडद्यावरचा नंबर मोबाइलमधल्या एआयला विचारा. तो न रागावता, न हिणवता, मराठीतसुद्धा सात कारणं सांगेल: इन्सर्टची धार गेली, फीड जास्त आहे, मटेरियल कडक आलं, जॉब नीट धरलेला नाही, कूलंट पोहोचत नाही, बेल्ट सरकतोय, बेअरिंग खराब आहे. यादी बरोबर असते. मामांची यादीही साधारण हीच निघेल.

फरक पुढे सुरू होतो. सातांतलं आजचं कारण कुठलं? त्यासाठी इन्सर्ट काढून धार नखावर ओढून बघावी लागते, सकाळी आलेल्या बारवर कानस फिरवून ती घसरते की चावते ते बघावं लागतं, बेल्टवर हात ठेवावा लागतो (मशीन बंद करून, एवढी एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या). मोबाइलला हात नसतात. तुम्हाला आहेत, पण ते मोबाइल धरण्यात गुंतले आहेत.

म्हणून सोपा उपाय: 'रिसेट' दाबा आणि पुन्हा सुरू करा. तीन वेळा चालतं. चौथ्या वेळी मेंटेनन्सचा माणूस येतो, तो तुमचा प्रश्न नाही.

पायरी ८: खंडेनवमीला पूजा करा

अभ्यासक्रमाचा शेवटचा दिवस. मशीन धुऊन-पुसून लखलखीत करायचं, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, पाटावर हत्यारं मांडायची. कंट्रोलरच्या पडद्यावर कुंकू लावू नये, टच काम करेनासा होतो.

आमच्या शॉपमध्ये पाटावर नवा डिजिटल व्हर्निअर मध्यभागी ठेवला होता. मामांनी आपला मायक्रोमीटर फडक्यातून सोडवून कडेला ठेवला. आरती झाली, पेढे वाटले. सगळे पांगल्यावर मामा परत आले, मायक्रोमीटरवरचं कुंकू कॉटन वेस्टने नीट पुसलं आणि दोन्ही जबड्यांच्या मधून कागदाचा कपटा ओढला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "देव पावतो रे. पण कुंकवाचे कण जाडी वाढवतात."

अडचणी व उपाय

अडचण: माझा आणि क्यूसीचा आकडा जुळत नाही.
उपाय: क्यूसीचा व्हर्निअर खराब आहे. (हा उपाय क्यूसीवाल्यांच्या मार्गदर्शिकेतही दिला आहे.)

अडचण: जॉब बिघडला.
उपाय: मशीन जुनं आहे, इन्सर्ट भिकार आहे, लाइट कमी आहे. नाचता येत नसेल तर अंगणाचा वाकडेपणा मोजून ठेवावा. त्यासाठीही डिजिटल हत्यार मिळतं.

अडचण: ऑडिटरने विचारलं, "हे माप असंच का ठेवलंय?"
उपाय: "ड्रॉइंगमध्ये आहे, सर."

अडचण: ऑडिटरने पुन्हा विचारलं, "पण का?"
उपाय: मामांना बोलवा.

अडचण: वीज गेली, पडदे काळे झाले.
उपाय: वरीलप्रमाणे.

गॅरंटी

या पद्धतीने तयार झालेल्या कारागिराची गॅरंटी डिजिटल व्हर्निअरमधल्या बॅटरीएवढी. एलआर ४४ नंबरचा छोटा सेल कुठल्याही दुकानात मिळतो. सेल संपला की त्या व्हर्निअरवर शतांश वाचायला एकही रेघ उरत नाही, हे खरेदी करतानाच लक्षात घ्यावं. त्यानंतरच्या तक्रारी आमच्याकडे आणू नयेत.

त्या मामांकडे न्याव्यात. मामा हल्ली पहिल्या शिफ्टला असतात. गुरुवारी सुट्टी असल्यामुळे भेटणार नाहीत, आणि मार्चमध्ये रिटायर होत असल्यामुळे त्यानंतर कुठल्याच वारी भेटणार नाहीत.